कुणी काही सांगत नसताना बंद राहणारा स्विच

शाळेच्या बागेत एक छोटा पंप बसवायचा आहे. माती कोरडी पडली की तो सुरू व्हावा, पुरेशी ओली झाली की थांबावा. ओलावा मोजायला संवेदक आहे, निर्णय घ्यायला मायक्रोकंट्रोलर आहे आणि वीज पुरवायला १२ व्होल्टची बॅटरी आहे. २०१६ साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेमुळे मायक्रोकंट्रोलरचे संच पुष्कळ शाळांत पोहोचले आहेत. त्यामुळे विज्ञान प्रदर्शनात अशा प्रकारचे प्रकल्प हमखास पाहायला मिळतात.

अशा प्रकल्पांत कधी कधी एक खोड दिसते. मुख्य बटण दाबलं, की माती ओली असली तरी पंप एक गचका देतो. संगणकातून नवा प्रोग्रॅम भरायला घेतला, की तो भरून होईपर्यंत पंप फिरतच राहतो. मुलं प्रोग्रॅमची एकेक ओळ तपासतात, पण चूक सापडत नाही. सापडणार तरी कशी? ज्या वेळात हा प्रकार घडतो, त्या वेळात त्यांचा प्रोग्रॅम चालूच नसतो.

पंपाच्या बाबतीत थोडं पाणी सांडेल, इतकंच. पण त्याच जागी एखादी तापणारी तार किंवा फिरणारं पातं असेल आणि कुणाचा हात तिथे असेल, तर हा एक गचकाही महागात पडेल. म्हणून ही खोड कुठून येते आणि एका साध्या रेझिस्टरनं ती कशी जाते, हे नीट समजून घेऊ.

मेंदू आणि मनगट

मायक्रोकंट्रोलर हुशार असतो, पण त्याच्या अंगात बळ नसतं. आर्डुइनो ऊनो बोर्डावरच्या एटीमेगा ३२८पी या चिपच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह घ्यावा. छोट्या पंपालाही काहीशे मिलिअँपिअर लागतात. म्हणून मायक्रोकंट्रोलरनं फक्त हुकूम द्यायचा आणि प्रत्यक्ष वीज दुसऱ्या एखाद्या दणकट चिपनं सोडायची, अशी वाटणी करतात.

उदाहरण म्हणून एलएम २५९६ ही चिप घेऊ. ती मूळची नॅशनल सेमिकंडक्टर या कंपनीची. ही कंपनी २०११ मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सनं विकत घेतली. या चिपवर तयार केलेल्या छोट्या पट्ट्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतात. चिपच्या पोटात एक शक्तिशाली ट्रान्झिस्टर असतो. तो सेकंदाला सुमारे दीड लाख वेळा उघडझाप करतो. बाहेर जोडलेली कॉइल, डायोड आणि कपॅसिटर यांच्या मदतीनं १२ व्होल्टचे, समजा, ५ व्होल्ट होतात. ३ अँपिअरपर्यंतचा प्रवाह ती देऊ शकते.

चिपला पाच पिना आहेत. पहिलीतून वीज आत येते, दुसरीतून बाहेर जाते, तिसरी ग्राउंड. चौथी पिन बाहेरचं व्होल्टेज बरोबर आहे ना, यावर लक्ष ठेवते. आपल्या कामाची आहे ती पाचवी. ही चालू-बंदची पिन. तिच्यातून जेमतेम काही मायक्रोअँपिअर प्रवाह वाहतो, पण तिच्यावरचं व्होल्टेज बदललं की ३ अँपिअरचा दरवाजा उघडतो किंवा मिटतो.

नावावर जाऊ नका

इथे पहिला खड्डा आहे. आपल्याला वाटतं, पिनेला ५ व्होल्ट दिले की चिप चालू आणि शून्य दिले की बंद. एलएम २५९६ चं वागणं नेमकं उलटं आहे. पाचव्या पिनवरचं व्होल्टेज ०.६ पेक्षा कमी असेल तर चिप चालू, आणि २ पेक्षा जास्त असेल तर बंद. ०.६ ते २ व्होल्ट या मधल्या पट्ट्यात चिप काय करेल याची हमी निर्माता देत नाही. बहुतेक चिपांचं वागणं १.३ व्होल्टच्या आसपास पालटतं, पण आपल्या हातातली चिप नेमकी तिथेच पालटेल असं धरून चालायचं नसतं. म्हणून मधला पट्टा टाळून कायम या किंवा त्या टोकालाच राहायचं.

प्रत्येक चिपची रीत वेगळी असते. मोटारी चालवण्याच्या सर्किटमध्ये आयआर २११० आणि आयआर २१०४ या एकाच घराण्यातल्या चिपा वापरतात. दोन्हींवर 'शटडाउन' नावाची पिन आहे. पहिलीत त्या पिनेला जास्त व्होल्टेज दिलं की चिप बंद होते, दुसरीत कमी दिलं की बंद होते. हा फरक माहितीपत्रकात एका बारीकशा खुणेनं दाखवलेला असतो. पिनेच्या नावावर आडवी रेघ असेल तर 'कमी व्होल्टेज दिल्यावर हे काम होतं' असं समजायचं. मुलांना माहितीपत्रक वाचायला शिकवताना ही रेघ आवर्जून दाखवावी.

आणखी एक प्रश्न माहितीपत्रकात शोधायचा असतो: पिन कशालाच जोडली नाही तर काय होईल? एलएम २५९६ मध्ये ती मोकळी सोडली तर चिप चालू राहते. तिच्याच आधीच्या पिढीतल्या एलएम २५७६ मध्ये मात्र ही पिन मोकळी सोडू नका, अशी स्पष्ट सूचना आहे.

निर्नायकी क्षण

आता पंपाच्या खोडीचं मूळ पाहू. समजा, मायक्रोकंट्रोलरची एक पिन एलएम २५९६ च्या पाचव्या पिनेला थेट तारेनं जोडली. प्रोग्रॅम चालू असताना सगळं सुरळीत असतं. ५ व्होल्ट दिले की पंप बंद, शून्य दिले की चालू.

पण वीज आल्या आल्या मायक्रोकंट्रोलर काय करतो? रीसेटच्या अवस्थेत तो आपल्या सगळ्या कामाच्या पिना 'इनपुट' करून ठेवतो. म्हणजे त्या ५ व्होल्टही देत नाहीत आणि शून्यही देत नाहीत. विजेच्या दृष्टीनं त्या जवळजवळ तुटलेल्या तारेसारख्या असतात. ऊनो बोर्डाच्या नेहमीच्या मांडणीत वीज आल्यावर प्रोग्रॅम सुरू व्हायला सुमारे ६५ मिलिसेकंद लागतात. रीसेटचं बटण दाबलं तर बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम, संगणकाकडून काही नवं येतंय का, याची साधारण एक सेकंद वाट पाहतो. नवा प्रोग्रॅम भरताना तर असे कित्येक सेकंद जातात.

या सगळ्या वेळात पाचवी पिन मोकळी असते, आणि मोकळी पिन म्हणजे चालू चिप. पंपाचा गचका येतो तो इथून! मायक्रोकंट्रोलर 'बंद' म्हणत नाही, 'चालू'ही म्हणत नाही. तो गप्प आहे, आणि चिपनं त्या गप्प बसण्याचा अर्थ 'चालू' असा लावला आहे.

रेल्वेनं फार पूर्वी दिलेलं उत्तर

हा प्रश्न इलेक्ट्रॉनिक्सच्या कितीतरी आधी रेल्वेला पडला होता. जुना हाताचा सिग्नल काही वाचकांनी पाहिला असेल. खांबावरचा हात आडवा असला की गाडीनं थांबायचं, खाली झुकला की पुढे जायचं. केबिनमधला माणूस तरफ ओढायचा, लांबच लांब तार ताणली जायची आणि हात झुकायचा. ती तार मध्येच तुटली तर? खांबावर एक वजन अशा रीतीनं बसवलेलं असे, की तार सैल पडताच हात आपोआप आडवा होई. 'जा' म्हणायला माणसाला जोर लावावा लागे. 'थांबा' मात्र कुणी काही न करताही आपसूक मिळे.

गाडीच्या ब्रेकचंही तसंच. नळीतला हवेचा दाब कायम राखला तर ब्रेक सुटलेले राहतात. नळी फुटली, डबे सुटून वेगळे झाले, तर दाब जातो आणि ब्रेक आपोआप लागतात.

आपल्या सर्किटलाही असंच एक वजन हवं. हुकूम नसेल तेव्हा पाचव्या पिनेला 'बंद'च्या बाजूला ओढून धरणारं, पण खरा हुकूम आला की मुकाट्यानं बाजूला होणारं. हे काम रेझिस्टर करतो.

रेझिस्टर कुठे जोडायचा?

पहिला विचार असा येतो, की पाचव्या पिनेपासून मायक्रोकंट्रोलरच्या ५ व्होल्टपर्यंत १० किलोओहमचा रेझिस्टर जोडावा. पिनेत जास्तीत जास्त १५ मायक्रोअँपिअर प्रवाह जातो असं धरलं, तर ओहमच्या नियमानं रेझिस्टरवर ०.१५ व्होल्ट खर्च होतील आणि पिनेवर ४.८५ व्होल्ट उरतील. २ पेक्षा पुष्कळ जास्त, म्हणजे चिप बंद. रीसेटच्या वेळची खोड गेली.

पण रेल्वेचा प्रश्न इथेही विचारून पाहा. तार तुटली तर? मायक्रोकंट्रोलरचा ५ व्होल्टचा पुरवठाच गेला तर? पाचवी पिन पुन्हा मोकळी पडेल किंवा रेझिस्टरमधून शून्याकडे ओढली जाईल, आणि पंप सुरू होईल. इथे वजन बसवलं खरं, पण ते ज्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही त्याच्याच खांबाला टांगलं.

म्हणून रेझिस्टर थेट १२ व्होल्टला जोडायचा, एलएम २५९६ च्या अगदी जवळ. पाचवी पिन २५ व्होल्टपर्यंत सहन करते, तेव्हा तिची काळजी नाही. बॅटरी आहे तोवर ओढ आहे, आणि बॅटरीच गेली तर पंप फिरायचा प्रश्नच उरत नाही. आता एकच अडचण राहिली. मायक्रोकंट्रोलरच्या पिनेला हे १२ व्होल्ट चालणार नाहीत. दोघांच्या मध्ये एक ट्रान्झिस्टर हवा. नेहमीचा बीसी ५४७ पुरेसा आहे.

जोडणी अशी करावी:

१. एलएम २५९६ ची पाचवी पिन आणि १२ व्होल्ट यांच्यामध्ये ४७ किलोओहम.
२. त्याच पाचव्या पिनेला बीसी ५४७ चा कलेक्टर. एमिटर ग्राउंडला.
३. मायक्रोकंट्रोलरच्या पिनेपासून बेसपर्यंत १० किलोओहम.
४. बेस आणि ग्राउंड यांच्यामध्ये आणखी एक १० किलोओहम.
५. मायक्रोकंट्रोलर आणि एलएम २५९६ यांचे ग्राउंड एकमेकांना जोडलेले.

बाजारातल्या तयार पट्टीवर पाचवी पिन बहुधा ग्राउंडलाच डाखलेली असते. ती आधी काळजीपूर्वक उचलून मोकळी करावी लागते.

आता हिशोब करू. मायक्रोकंट्रोलरनं ५ व्होल्ट दिले, तर पहिल्या १० किलोओहममधून (५ − ०.७) ÷ १०,००० म्हणजे सुमारे ०.४३ मिलिअँपिअर येतो. त्यातला ०.०७ मिलिअँपिअर दुसऱ्या १० किलोओहममधून ग्राउंडला जातो आणि ०.३६ बेसला मिळतो. कलेक्टरला ओढायचा आहे तो प्रवाह फक्त १२ ÷ ४७,००० म्हणजे सुमारे ०.२६ मिलिअँपिअर. बीसी ५४७ चं प्रवर्धन शंभराच्या वर असल्यामुळे तो पूर्णपणे सुरू होतो, पाचवी पिन ०.२ व्होल्टच्या आसपास खाली येते आणि पंप सुरू होतो. मायक्रोकंट्रोलर ३.३ व्होल्टचा असला तरी बेसला ०.१९ मिलिअँपिअर मिळतो. काम तितकंच चोख होतं.

या जोडणीत हुकमाची दिशाही सरळ झाली. मायक्रोकंट्रोलर जास्त व्होल्टेज देईल तेव्हाच पंप चालू. त्यानं शून्य दिलं, तो रीसेटमध्ये असला, तार निघाली, त्याचा पुरवठा गेला किंवा तो बोर्डावरून काढूनच घेतला, तरी पंप बंद.

दुसरा दहा किलोओहम कशाला?

चौथ्या ओळीतला रेझिस्टर अनेक जण गाळतात. 'बेसला काहीच मिळालं नाही तर ट्रान्झिस्टर बंदच राहील ना?' असं त्यांना वाटतं. पण इनपुट अवस्थेतल्या पिनेतूनही थोडा प्रवाह झिरपू शकतो. एटीमेगा ३२८पी साठी त्याची कमाल मर्यादा १ मायक्रोअँपिअर दिली आहे. प्रत्यक्षात तो बहुधा याहून खूप कमी असतो, पण मर्यादा धरूनच हिशोब करावा. ट्रान्झिस्टरनं तो ३०० पट केला, तर कलेक्टरमध्ये ०.३ मिलिअँपिअर होतो. आपल्याला पिन खाली ओढायला लागत होता तो प्रवाह ०.२६! म्हणजे एवढीशी गळतीही पंप सुरू करू शकते. दुसरा १० किलोओहम असेल तर ही गळती त्यातून ग्राउंडला जाते. बेसवर फक्त ०.०१ व्होल्ट येतो आणि ट्रान्झिस्टर ढिम्म हलत नाही.

हे वर्गात करून पाहता येतं. ९ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, ४७० ओहम, एक बीसी ५४७ आणि १० किलोओहमचे दोन रेझिस्टर घ्या. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो. बॅटरीच्या धन टोकापासून ४७० ओहम, मग एलईडी, मग कलेक्टर. एमिटर ऋण टोकाला. बेसला एक १० किलोओहम आणि त्याच्या पुढे हातभर मोकळी तार.

एका हाताच्या बोटानं तारेचं उघडं टोक धरा, दुसऱ्या हाताच्या बोटानं बॅटरीचं धन टोक. एलईडी मंद उजळेल. आपल्या शरीरातून गेलेले काही मायक्रोअँपिअर त्याला पुरले. बोटं फार कोरडी असतील तर किंचित ओली करा. आता बेस आणि ऋण टोक यांच्यामध्ये दुसरा १० किलोओहम लावा आणि पुन्हा बोटं टेकवा. एलईडी विझलेलाच राहील. मग तारेचं टोक थेट धन टोकाला लावा. एलईडी लख्ख पेटेल. रेझिस्टर कुजबुजीकडे दुर्लक्ष करतो, पण खणखणीत हुकूम अडवत नाही. (हा प्रयोग फक्त ९ व्होल्टच्या बॅटरीवर करायचा. घरातल्या विजेवर कधीही नाही.)

प्रोग्रॅम अडकला तर?

अजून एक शक्यता उरते. पंप चालू असतानाच प्रोग्रॅम कुठेतरी अडकून पडला, तर पिन ५ व्होल्टवरच राहील. हुकूम चालूच आहे, तेव्हा आपला रेझिस्टर काही करू शकत नाही.

यासाठी मायक्रोकंट्रोलरमध्ये 'वॉचडॉग' नावाचं राखणदार घड्याळ असतं. प्रोग्रॅमनं ते ठरावीक वेळाच्या आत पुन्हा पुन्हा मागे सारायचं. एटीमेगा ३२८पी मध्ये ही मुदत जास्तीत जास्त ८ सेकंदांची ठेवता येते. मुदत चुकली की घड्याळ चिपला रीसेट करतं. रीसेट झाला की पिन मोकळी, पिन मोकळी झाली की ट्रान्झिस्टर बंद, ट्रान्झिस्टर बंद झाला की ४७ किलोओहम पाचव्या पिनेला वर ओढतो आणि पंप थांबतो. रेझिस्टर नसते तर रीसेट होऊनही पंपाला थांबायचं कळलं नसतं.

'बंद' म्हणजे किती बंद?

एलएम २५९६ चालू असताना, पंपाचा प्रवाह सोडून, स्वतःसाठीच सुमारे ५ मिलिअँपिअर घेते. दिवसाचे झाले १२० मिलिअँपिअर-तास. ७ अँपिअर-तासाची बॅटरी नुसत्या या खर्चानं ५८ दिवसांत रिकामी होईल. बंद अवस्थेत तीच चिप सुमारे ८० मायक्रोअँपिअर घेते. याच हिशोबानं बॅटरी जवळपास १० वर्षं पुरेल. अर्थात त्याआधी ती आपोआपच निकामी होईल! पण ही बचत पदरात पडायची तर मायक्रोकंट्रोलरही झोपवायला हवा, आणि त्याला वीज देणारी चिपही काटकसरी हवी. नेहमीची ७८०५ स्वतःच ४-५ मिलिअँपिअर खाते.

मायक्रोकंट्रोलरला मात्र एलएम २५९६ च्या बाहेरच्या टोकावरून वीज देऊ नये. तसं केलं तर ट्रान्झिस्टरला हुकूम देणाराच बिनविजेचा राहील आणि चिप कधी सुरूच होणार नाही. कशीबशी सुरू केली तरी पहिल्याच 'बंद'ला तो स्वतःची वीज तोडून घेईल. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवण्याचाच प्रकार.

शिवाय 'बंद' हा हुकूम सगळ्याच चिपांत सारखा नसतो. एलएम २५९६ सारख्या, व्होल्टेज कमी करणाऱ्या चिपमध्ये बंद केल्यावर बॅटरीकडून येणारी वाट तुटते. व्होल्टेज वाढवणाऱ्या एमटी ३६०८ सारख्या चिपेत मात्र बंद केल्यावरही कॉइल आणि डायोडमधून वीज पुढे जातच राहते. दुरुस्तीसाठी हात घालताना म्हणूनच चालू-बंदच्या पिनेवर विसंबू नये. बॅटरीची तार काढावी.

तीन परीक्षा, एक प्रश्न

प्रकल्प तयार झाला की मुलांकडून तीन परीक्षा घ्याव्यात. पंपाच्या जागी आधी एलईडी आणि रेझिस्टर लावला तर उत्तम. एक, मायक्रोकंट्रोलरकडून येणारी तार काढून पाहा. दोन, रीसेटचं बटण दाबून धरा. तीन, फक्त मायक्रोकंट्रोलरचा पुरवठा काढा. तिन्ही वेळा पंप बंदच राहिला पाहिजे.

आणि मग वर्गाला एक प्रश्न विचारावा. शाळेच्या काचेच्या पेटीत मासे आहेत आणि पाण्यात हवा सोडणारा पंप मायक्रोकंट्रोलरवर चालतो. मायक्रोकंट्रोलर बिघडला तर इथे पंप 'बंद' राहणं चांगलं की 'चालू' राहणं? मासे वाचायचे असतील तर वरच्या सर्किटमधला कोणता रेझिस्टर कुठे हलवावा लागेल? मुलांना कागदावर काढून आणू द्या. कोणत्या बाजूची चूक आपल्याला परवडेल, हे त्यांना आधी ठरवावं लागेल. सर्किट त्यानंतर.